निलंबन झालं, बाटली तिथेच आहे: वॉर्डातली चूक घडते कशी

‘चुकीचं इंजेक्शन दिल्याने रुग्ण दगावला, परिचारिका निलंबित.’ अशी बातमी अधूनमधून येतेच. नातेवाईकांचा आक्रोश, वरिष्ठांचं ‘चौकशी समिती नेमली आहे’, आणि दोन दिवसांत विषय मागे पडतो. वाचणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्न राहतो. रीतसर शिकलेली, नोंदणी असलेली, रोज हेच काम करणारी बाई इतकी साधी चूक करते तरी कशी?

एक घडलेली गोष्ट घेऊ. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवावं लागलं. सुदैवाने सगळी बचावली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, देशभर चेष्टाही झाली.

त्या टेबलावर नेमकं काय झालं हे शोधणं चौकशीचं काम. पण करोनाचा काळ होता आणि प्रत्येक टेबलावर सॅनिटायझर असायचाच, हे आपल्यालाही आठवतं. तोंडात द्यायची वस्तू आणि हाताला चोळायची वस्तू एका हाताच्या अंतरावर. शिवाय समोर रडणाऱ्या मुलांची रांग. कर्मचारी बदलले, म्हणून टेबल बदलतं का? हा लेख त्या टेबलाबद्दल आहे.

उपचारानेच होणारी इजा

माणूस दवाखान्यात आजारामुळे जातो, पण काही त्रास त्याला दवाखान्यात गेल्यामुळे होतो. हा टाळता येण्यासारखा त्रास टाळणं, याला ‘रुग्णसुरक्षा’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साधारण दर १० रुग्णांमागे एकाला उपचारादरम्यान काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्याजोगी असते. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळतात. आपल्याकडे तो बहुधा रांगोळी आणि पोस्टर स्पर्धेत उरकतो.

इजा म्हटलं की डोळ्यांसमोर मृत्यू येतो. प्रत्यक्षात बहुतेक इजा बातमीत येत नाहीत. रात्री लघवीला उठलेले आजोबा पाय घसरून पडतात. पक्षाघाताच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची राहून जाते आणि माकडहाडावर जखम होते. सलाईनची सुई जास्त दिवस राहते आणि हात सुजतो. हे सगळं परिचारिकेच्या रोजच्या कामात येतं, कारण रुग्णाजवळ चोवीस तास तीच असते. डॉक्टर राउंड घेऊन जातात. गोळी तोंडात पडते ती तिच्या हातून.

घावनांची चळत

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मोठे अपघात कसे होतात याचं एक चित्र १९९० च्या सुमारास मांडलं. त्याच्या चित्रात भोकाभोकाच्या चीजच्या चकत्या होत्या. आपण घावन घेऊ.

चांगल्या घावनाला जाळी पडते. एक घावन उजेडाकडे धरलं तर भोकांतून पलीकडचं दिसतं. पाच-सहा घावनं एकावर एक ठेवली तर दिसत नाही, कारण एकाच्या भोकावर दुसऱ्याचा भरलेला भाग येतो. रुग्णालयात एक घावन म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, दुसरं फार्मासिस्ट, तिसरं औषधाचं लेबल, चौथं सिस्टरची तपासणी आणि पाचवं खुद्द रुग्ण, ‘ही गोळी कालच्यासारखी नाही’ असं म्हणणारा. भोकं प्रत्येकात आहेत. एखाद्या दिवशी सगळी भोकं एका रेषेत येतात आणि चूक आरपार जाऊन रुग्णापर्यंत पोहोचते.

परिचारिका या चळतीत रुग्णाआधी सहसा शेवटची असते. म्हणून वरच्या तीन थरांतून निसटलेली चूक तिच्या हातून घडलेली दिसते, आणि बातमीत नाव तिचं येतं.

लाल टोपण, नारंगी टोपण

भोक म्हणजे नेमकं काय, ते इन्शुलिनवरून कळेल. हे घरोघरी लागू आहे, म्हणून थोडं सावकाश पाहू.

भारतात इन्शुलिनच्या बाटल्या बहुतेक ‘४०’ च्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज ‘१००’ ची असते, म्हणजे तेवढ्याच मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारंगी टोपणाची. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारंगी किती वेगळे दिसतात, हे ज्याचं त्याने घरी करून पाहावं.

डॉक्टरांनी लिहिलंय २० युनिट. बाटली ४० ची आणि हातात आली नारंगी टोपणाची सिरिंज. तिच्या २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ०.२ मिलि येतं, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या पाळीतली सिस्टर बरोबर सिरिंज घेते. आता वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण जातो. उलट बाजू जास्त धोक्याची. पेनमध्ये बिघाड झाला म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर अर्धा मिलि येतं. म्हणजे ५० युनिट, अडीचपट. साखर इतकी खाली जाते की रुग्ण झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो, आणि रात्री झोपलेला रुग्ण व बेशुद्ध रुग्ण लांबून सारखेच दिसतात.

यात अजून एक भोक कागदावरचं. घाईत ‘4U’ असं लिहिलं की ‘U’ शून्यासारखा दिसतो, आणि ४ चे ४० होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, असा नियम जगभर आहे. तसंच ‘.5’ न लिहिता ‘0.5’ लिहायचं, म्हणजे बिंदू पुसट झाला तरी ५ वाचलं जात नाही. ‘5.0’ लिहायचंच नाही, नाहीतर ५० होतात. पाळायला एक पैसा लागत नाही. तरी किती केस पेपर असे सापडतात ते सिस्टर लोकांना विचारा.

वॉर्डात नसलेल्या औषधाची चूक होत नाही

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिची अँप्युल असते, आत दीड ग्रॅम औषध. सलाईनमध्ये मिसळून काही तासांत हळूहळू गेलं तर ते जीव वाचवतं. तसंच्या तसं शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. दिसायला पाणी. आणि पावडरचं इंजेक्शन विरघळवण्यासाठी जे खरंच पाणी लागतं, तेही तसल्याच १० मिलिच्या अँप्युलमध्ये येतं. दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असल्या, तर ‘नीट वाचून घ्या’ ही सूचना किती दिवस पुरेल?

ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००२ मध्ये पहिला इशारा काढला तो याच औषधाबद्दल: हे तीव्र द्रावण साध्या वॉर्डांतून उचला, औषध विभागात ठेवा, मिसळलेली बाटलीच वॉर्डात पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये तीव्र क्षारद्रावणांबाबत अशीच शिफारस केली. यात कुणाला जास्त दक्ष व्हायला सांगितलेलं नाही. फक्त वस्तू जागेवरून हलवली आहे. माझ्या मते सुरक्षेचे सगळ्यात चांगले उपाय याच जातीचे असतात. वेगळ्या कप्प्यात ठेवलं, वर लाल पट्टी लावली, काढताना दोघींच्या सह्या, हेही चालतं. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असं परिपत्रक मात्र कुठल्याच भोकाला बूच लावत नाही.

‘सुनंदाबाई ना?’ ‘हो.’

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी ‘फाइव्ह राइट्स’ पाठ करून घेतात: बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पहिला सगळ्यात सोपा वाटतो आणि तोच फसवा आहे.

अर्धवट झोपेतल्या माणसाला ‘तुम्ही सुनंदाबाई ना?’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो. ऐकू कमी येणारा ‘हो’ म्हणतो, घाबरलेला ‘हो’ म्हणतो, आणि सिस्टरला परत बोलायला लावणं बरं दिसत नाही म्हणूनही लोक ‘हो’ म्हणतात. म्हणून प्रश्न उलटा करायचा: ‘तुमचं पूर्ण नाव सांगा.’ नाव त्यांच्या तोंडून यायला हवं, आणि त्याच्या जोडीला मनगटावरच्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक. बेड नंबर ही ओळख नव्हे. दुपारी पंखा बंद पडला म्हणून रुग्ण खिडकीजवळच्या खाटेवर गेलेला असतो, आणि केस पेपर जुन्याच खाटेच्या नावावर असतो.

आपल्याकडे नावांचा आणखी एक घोळ आहे. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, केस पेपरवर नवऱ्याने घाईत सांगितलेलं तिसरंच. त्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या वॉर्डात ‘पाटील’ म्हणून हाक मारून बघा, किती माना वळतात. रक्त चढवताना याची किंमत सगळ्यात जास्त असते. चुकीच्या गटाचं थोडंसं रक्तही जीवघेणं ठरू शकतं. म्हणून पिशवी लावण्याआधी दोन जणांनी, रुग्णाच्या खाटेशी उभं राहून, पिशवीवरचा क्रमांक, गट आणि रुग्णाची ओळख मोठ्याने वाचून ताडायची असते. नर्सिंग स्टेशनवर बसून दोन सह्या केल्या तर कागद पूर्ण होतो, तपासणी होत नाही.

एक सिस्टर, तीस खाटा

यावर लगेच येणारा आक्षेप: एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे? आक्षेप खरा आहे. हिशोब करू. समजा रात्री एका वॉर्डात ३० रुग्ण आहेत, दहाच्या फेरीला प्रत्येकाला सरासरी चार औषधं, आणि वाचणं, ताडणं, देणं, लिहिणं याला औषधामागे दोन मिनिटं. १२० औषधांचे चार तास झाले. एकटीने केलं तर दहाची फेरी पहाटे दोनला संपते, तीही मध्ये कुणाला दम लागला नाही तर. प्रत्यक्षात फेरी तासा-दीड तासात आटोपते. उरलेली मिनिटं कुठून कापली जातात? ‘पूर्ण नाव सांगा’ इथूनच.

इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या निकषांत शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ मागे एक, अतिदक्षता विभागात एकामागे एक असं प्रमाण आहे. कुठल्याही जिल्हा रुग्णालयात रात्री चक्कर मारली की कागद आणि वॉर्ड यांतलं अंतर कळतं. आणि हे अंतर मोजलेलं आहे. २००२ मध्ये अमेरिकेत लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात आकडा पुन्हा ७ टक्केच आला. म्हणजे रिक्त पदं हा फक्त संघटनांचा मागणीचा विषय नाही.

दुसरी मोजलेली गोष्ट म्हणजे व्यत्यय. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत संशोधक परिचारिकांच्या मागे उभं राहून मोजत होते. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढल्या. ‘सिस्टर, सलाईन संपलीय’, ‘सिस्टर, डिस्चार्ज कधी?’, ‘सिस्टर, साहेबांचा फोन’. आपल्याला हे तीन साधे प्रश्न वाटतात. तिच्या हातात त्या वेळी अर्धी भरलेली सिरिंज असते.

म्हणजे जबाबदार कोणीच नाही?

हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्याचं सोपं उत्तर नाही. अमेरिकेतलं एक प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे.

डिसेंबर २०१७, नॅशव्हिलमधलं व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं रुग्णालय. ७५ वर्षांच्या एका रुग्णाला स्कॅनच्या आधी भीती वाटू नये म्हणून व्हर्सेड हे शांत करणारं औषध लिहिलं होतं. तिथे औषधं संगणकीकृत कपाटातून निघतात. परिचारिकेने ‘VE’ ही अक्षरं टाइप केली. कपाटात औषध मिडाझोलाम या मूळ नावाने होतं, त्यामुळे सापडलं नाही. तिने सुरक्षा ओलांडायचं बटण दाबलं आणि यादीत आलेलं व्हेक्युरोनियम घेतलं. ते स्नायू लुळे पाडणारं औषध. श्वास थांबतो. टोपणावर तसा इशारा छापलेला होता. शिवाय व्हर्सेड द्रव असतं आणि ही पावडर होती, ती विरघळवावी लागली. इतके थांबे ओलांडले गेले. औषध दिल्यावर रुग्णाजवळ कुणी थांबलं नाही.

आता दुसरी बाजू. त्या काळात त्या रुग्णालयात ते बटण दाबणं रोजचंच झालं होतं, कारण यंत्रणा बदलताना अडचणी येत होत्या. स्कॅनच्या विभागात बारकोड तपासायचं यंत्र नव्हतं. परिचारिकेने चूक लगेच कबूल केली. रुग्णालयाने मात्र नियामकांना ती कळवली नाही. निनावी तक्रारीनंतर ती उजेडात आली. मार्च २०२२ मध्ये परिचारिका फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली, मे महिन्यात तिला तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेखीखालची मोकळीक (प्रोबेशन) मिळाली. परवाना त्याआधीच गेला होता.

रुग्णसुरक्षेचे अभ्यासक अशा वेळी तीन गोष्टी वेगळ्या करतात. एक, निव्वळ चूक: हात चुकला, नजर चुकली. दोन, सवयीचा शॉर्टकट: सगळेच बटण दाबतात म्हणून दाबलं. तीन, बेपर्वाई: धोका दिसत असूनही फिकीर केली नाही. पहिल्याला आधार द्यायचा, दुसऱ्यात शॉर्टकट का लागतो ते शोधून समजावायचं, तिसऱ्याला शिक्षा. या पद्धतीला ‘जस्ट कल्चर’ म्हणतात. व्हँडरबिल्टची परिचारिका दुसऱ्या खान्यात की तिसऱ्या, यावर जगभरच्या परिचारिकांत अजून वाद आहे. मला ती दोन्हींच्या सीमेवर दिसते. रुग्णालयाने गोष्ट दडवली, ती मात्र सीमेवरची वाटत नाही.

‘मशीन आणा म्हणजे चुका थांबतील’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. तिथे मशीन होतंच.

शिक्षेच्या भीतीने काय होतं

मोठ्या चुकीआधी छोट्या निसटत्या चुका होऊन गेलेल्या असतात. चुकीची अँप्युल हातात आली, फोडायच्या आत लक्षात आलं, ठेवून दिली. ही माहिती सोन्याच्या मोलाची, कारण कुणाला इजा न होता भोक सापडलं. ती लिहून द्यायला रुग्णालयांत ‘इन्सिडंट फॉर्म’ असतो. तो कोण भरणार? फॉर्म भरला की पहिला प्रश्न ‘ड्युटीवर कोण होतं?’ असेल, तर कुणीच नाही.

६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. त्यानंतर सुरुवातीला ज्या चौघींना अटक झाली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. इमारतीची विजेची आणि आगीची व्यवस्था परिचारिका बघत नाहीत, हे सांगायला आंदोलन करावं लागलं.

कायद्यातही एक बारकावा आहे, तो फार कुणाला माहीत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) निष्काळजीपणामुळे होणाऱ्या मृत्यूचं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रियेत मृत्यू झाला तर मात्र दोन वर्षांपर्यंत. पण हा व्यावसायिक म्हणजे ज्याचं नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो, अशी व्याख्या कलमातच दिली आहे. परिचारिकेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलच्या नोंदवहीत असतं. एकाच खाटेशी, एकाच चुकीसाठी, डॉक्टरला दोन वर्षं आणि सिस्टरला पाच, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

नातेवाईकांनी काय करायचं

‘आम्ही विचारलं की सिस्टर चिडतात,’ अशी तक्रार असते. काही चिडतात. तरी विचारायचं, फक्त वेळ बघून. ती औषधाच्या ट्रॉलीशी असेल तर दोन मिनिटं थांबा. अगदी जिवावरचं असेल तरच हाक मारा. ती आपल्या माणसाकडे आली की मग निवांत विचारा: ‘ताई, हे कशाचं आहे? काल हे नव्हतं.’ हे अविश्वासाचं लक्षण नाही, पाचव्या घावनाचं काम आहे. चांगली सिस्टर हातातलं औषध परत एकदा वाचते.

कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते भरती होतानाच सांगा, केस पेपरवर लिहून घ्या आणि प्रत्येक नव्या पाळीत पुन्हा सांगा. घरून चालू असलेल्या गोळ्या पाकिटासकट दाखवा. ‘ती छोटी पांढरी, बीपीची’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. सलाईनचा वेग कमी-जास्त करणारं चाक स्वतः फिरवू नका, थेंब हळू पडताहेत असं कितीही वाटलं तरी. नाव विचारलं तर ‘सकाळपासून चार वेळा सांगितलं’ म्हणून वैतागू नका.

आणि औषधानेच त्रास झाला अशी शंका आली, तर देशात ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’ आहे. तिथे डॉक्टर, परिचारिका आणि खुद्द रुग्णही नोंद करू शकतो. मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. औषधाचं वेष्टन फेकू नका, बॅच नंबर त्याच्यावरच असतो.